सीमा ओलांडल्यावर राउटरचं सिम नेमकं अडतं कुठे?

इंदूरहून पशुपतिनाथला निघणाऱ्या यात्रा-बसमध्ये हल्ली ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या खणात एक छोटा राउटर बसवलेला असतो. आत सिम, टपावर अँटेना, आणि त्याच्या जोरावर बसचं ट्रॅकिंग, कॅमेरे आणि प्रवाशांचं वायफाय. पीथमपूरहून औषधं भरून निघणाऱ्या थंड ट्रकमध्येही तसाच राउटर असतो, तो आतलं तापमान ठरावीक वेळाने मालकाला पाठवत राहतो. देवास-पीथमपूरच्या कारखान्यांतून परदेशी जाणाऱ्या यंत्रांच्या पॅनेलमध्येही तो असतो, म्हणजे यंत्र अडलं तर इथला इंजिनिअर इथूनच आत डोकावू शकतो. तिन्हींकडून येणारी तक्रार एकच: भारतात छान चालत होतं, सीमा ओलांडली आणि बंद पडलं.

यानंतरचा क्रम जवळपास ठरलेला असतो. ड्रायव्हर राउटर बंद-चालू करतो. दहा मिनिटांनी पुन्हा करतो. मग सिम काढून, शर्टाला पुसून परत घालतो. मालक इकडून सिम कंपनीला फोन लावतो, तिथून उत्तर येतं की आमच्याकडे तर सगळं चालू दिसतंय. इंदुरात असे राउटर बसवून देण्याचं आणि ते अडले की सोडवण्याचं काम मी करतो, आणि माझं मत पक्कं आहे: अशा वेळी राउटर चालूच ठेवावा आणि आधी त्याच्या स्टेटस पानावर आणि लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, काय लिहिलंय ते वाचावं. नेटवर्कने नकार दिला असेल तर त्या नकाराला क्रमांक असतो. दोष कुणाच्या दारात आहे ते बहुतेक वेळा तो क्रमांकच सांगतो. घाईने बंद-चालू केलं की अनेक राउटरमध्ये तो लॉगच पुसला जातो.

‘सिम जोडलं गेलं’ असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यात चार वेगळी कामं असतात. राउटरला तिथला टॉवर ऐकू यायला हवा. त्या नेटवर्कने सिमला आत घ्यायला हवं, म्हणजे नोंदणी व्हायला हवी. मग डेटाची वाट उघडून राउटरला आयपी पत्ता मिळायला हवा. आणि शेवटी त्या वाटेने निघालेली पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, तुमच्या सर्व्हरपर्यंत पोहोचायला हवीत. रोमिंगमध्ये सर्वांत जास्त घोळ दुसऱ्या टप्प्यावर होतो, म्हणून तिथे जरा सविस्तर बोलू.

नोंदणी: परक्या दारातली ओळखपरेड

प्रत्येक सिममध्ये एक ओळखक्रमांक असतो, आयएमएसआय. तो बहुधा १५ अंकी असतो. पहिले तीन अंक देशाचे: भारताच्या सिमवर ४०४ किंवा ४०५, नेपाळच्या ४२९, बांगलादेशच्या ४७०, भूतानच्या ४०२. पुढचे दोन किंवा तीन अंक कंपनीचे. राउटर बीरगंजला पोहोचला आणि तिथल्या टॉवरशी बोलू लागला की नेपाळी नेटवर्कला हे अंक बघून कळतं की पाहुणा भारतातल्या अमुक कंपनीचा आहे. ते नेटवर्क त्या कंपनीला विचारतं. कंपनी सिम खरं आहे का ते पडताळण्याचं साहित्य पाठवते, आणि या ग्राहकाला रोमिंगची मुभा आहे की नाही तेही कळवते. म्हणजे नेपाळातला टॉवर नाही म्हणाला, तरी ते ‘नाही’ बऱ्याचदा भारतातूनच आलेलं असतं. हे लक्षात घेतलं की पहिला फोन कुणाला करायचा ते उमगतं.

राउटरच्या पानावर नोंदणीची स्थिती शब्दांत किंवा आकड्यात दिसते. १ म्हणजे घरच्या नेटवर्कवर, ५ म्हणजे रोमिंगवर नोंदणी झाली आहे. ५ दिसत असेल आणि तरी नेट नसेल, तर सिम आणि नेटवर्क यांना दोष देणं थांबवा, घोळ पुढच्या टप्प्यात आहे. २ म्हणजे शोध चालू आहे. तो बराच वेळ २ वरच राहिला तर टॉवर ऐकू येत नाही किंवा ऐकू येतात ते वर्ज्य ठरलेले आहेत. ० म्हणजे शोधही थांबलाय. आणि ३ म्हणजे स्पष्ट नकार.

३ दिसला की लॉगमध्ये नकाराचं कारण शोधा. फोर-जी नेटवर्कच्या कारणांपैकी मोजकीच रोज भेटतात. ७ किंवा ८ आलं तर या सिमला डेटा सेवेचीच परवानगी नाही असं सांगितलं गेलंय. रोमिंग चालू केलेलं नसणं, पॅक संपलेला असणं, खातं अडकलेलं असणं असं काहीतरी असतं. हे घरच्या कंपनीचं काम आहे, राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी सुटणार नाही. १३ किंवा १५ म्हणजे या भागात तुम्हाला रोमिंग नाही किंवा तुमच्याजोगा टॉवर इथे नाही, राउटरने दुसरं नेटवर्क बघावं. ११ म्हणजे हे नेटवर्कच तुम्हाला बंद आहे.

हा ११ जपून हाताळायचा. बाकीचे नकार राउटर आपल्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवतो, ११ मात्र सिमवर लिहिला जातो. सिममध्ये वर्ज्य नेटवर्कांची एक यादी असते, त्यात किमान चार जागा असतात, आणि एकदा नाव चढलं की राउटर त्या नेटवर्ककडे आपणहून जातच नाही. बंद-चालू करा, दुसऱ्या राउटरमध्ये घाला, यादी सिमबरोबर जाते. आता नेपाळचं बघा. तिथे मोठी मोबाइल नेटवर्कं दोनच, नेपाळ टेलिकॉम आणि एनसेल. रोमिंग चालू करायच्या आधीच बस सीमेपलीकडे गेली, दोन्हींकडून ११ मिळाला आणि दोन्ही नावं यादीत गेली. दुसऱ्या दिवशी मालकाने रोमिंग चालू करून घेतलं, कंपनीला तिच्या पडद्यावर सगळं हिरवं दिसतंय आणि राउटर मात्र कुणाचं दार ठोठावायलाच तयार नाही. ‘आमच्याकडून चालू आहे’ आणि ‘इथे तर बंद आहे’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात ती अशी.

उपाय सोपा आहे. काही राउटरमध्ये ही यादी पुसायची सोय असते, काहींमध्ये मोडेमला, म्हणजे राउटरमधल्या टॉवरशी बोलणाऱ्या भागाला, आज्ञा पाठवावी लागते. दोन्ही जमत नसेल तर सिम साध्या फोनमध्ये घालून नेटवर्क हाताने निवडा. हाताने निवडलेलं नेटवर्क वर्ज्य यादीत असलं तरी फोन तिथे प्रयत्न करतो आणि नोंदणी झाली की ते नाव यादीतून निघून जातं. मग सिम परत राउटरमध्ये घाला.

नकाराची आणखी एक जात आहे, ती मुद्दाम दिलेली असते. परदेशातल्या एखाद्या नेटवर्कशी घरच्या कंपनीचा करार स्वस्त असतो, दुसऱ्याशी महाग. सिम महागाकडे गेलं की कंपनी पहिले काही प्रयत्न नाकारते, म्हणजे ते आपणहून स्वस्ताकडे वळावं. फोनच्या बाबतीत हे आपल्याला कळतही नाही, तो दुसरीकडे वळतो आणि काम भागतं. पण राउटरमध्ये कुणीतरी ‘याच नेटवर्कवर राहा’ असं कुलूप लावून ठेवलं असेल तर तो एकाच दारावर डोकं आपटत बसतो. सीमा ओलांडणाऱ्या गाडीत नेटवर्कची निवड आपोआप वरच ठेवावी असं मी म्हणतो. कुलूप लावायचं तर तिथलं कुठलं नेटवर्क कंपनीला पसंत आहे ते तिच्याकडून लेखी घेऊन मगच.

बंद-चालू करण्याने उलट नुकसान का होतं

टॉवरकडून उत्तरच आलं नाही, किंवा तात्पुरती अडचण आहे असं उत्तर आलं, तर मोडेम सुमारे दहा-दहा सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतो. असे पाच प्रयत्न फसले की तो मोठी विश्रांती घेतो, आणि तिचा ठरलेला काळ साधारणपणे १२ मिनिटांचा असतो. या काळात राउटर मेल्यासारखा दिसतो, पण तो नियम पाळत असतो. परदेशात पहिली नोंदणी तशीही वेळ घेते, कारण मोडेमला सगळे बँड, म्हणजे रेडिओ लहरींचे पट्टे, चाळावे लागतात. त्यात ड्रायव्हरने दर पाच मिनिटांनी वायर काढली तर हा क्रम कधीच पूर्ण होत नाही. सीमा ओलांडल्यावर राउटरला निदान अर्धा तास निवांत द्या.

हेच काम राउटर स्वतःही करतो, आणि ते लवकर ध्यानात येत नाही. बहुतेक औद्योगिक राउटरमध्ये पिंग-रीबूट नावाची सोय असते: ठरलेल्या पत्त्यावर पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ विचारणारा छोटा संदेश, पोहोचला नाही की राउटर आपोआप नव्याने सुरू होतो. देशात हे उपयोगी आहे. पण मशीनसाठी मिळणाऱ्या, १३ अंकी क्रमांकाच्या एमटूएम सिमवर भारतात बंधनं असतात, त्यातला डेटा बहुधा आधी ठरवून दिलेल्या पत्त्यांपुरताच जातो. पिंगसाठी मात्र बसवणाऱ्याने सवयीने ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता टाकून ठेवलेला असतो. तो पत्ता परवानगीच्या यादीत नसतो, पिंग कधीच पोहोचत नाही, आणि धडधाकट जोडणी असलेला राउटर दर काही मिनिटांनी स्वतःला पाडत राहतो. पिंगचा पत्ता तुमच्या स्वतःच्या सर्व्हरचा ठेवा आणि प्रवासाला निघालेल्या गाडीत मुदत अर्ध्या तासाच्या पुढे न्या.

एका ठिकाणी मात्र बंद-चालू करावंच लागतं. ७ किंवा ८ चा नकार मिळाल्यावर मोडेम त्या सिमला निरुपयोगी समजून गप्प बसतो, आणि बंद होईपर्यंत किंवा सिम काढेपर्यंत पुन्हा विचारत नाही. त्यामुळे कंपनीने रोमिंग चालू केल्याचं कळवलं की एकदा, फक्त एकदा, राउटर बंद करून चालू करायचा.

टॉवर ऐकूच येत नसेल तर

नेपाळला जाणाऱ्या गाड्यांना याचा त्रास फारसा होत नाही, कारण तिथल्या फोर-जीचा मोठा भाग १८०० मेगाहर्ट्झवर आहे आणि भारतात विकला जाणारा राउटर तो बँड ओळखतो. प्रश्न येतो दूर जाणाऱ्या यंत्रांचा. जर्मनीत ग्रामीण भागात ८०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे बँड २० चा वापर मोठा आहे, अमेरिकेत १२, १३, ६६, ७१ असे वेगळेच बँड आहेत. एकाच मॉडेलच्या राउटरच्या प्रदेशानुसार वेगवेगळ्या आवृत्त्या असतात, आणि दिसायला त्या सारख्याच असतात. पॅनेलमध्ये राउटर बसवण्याआधी खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक वाचा. जुना टू-जी किंवा थ्री-जी राउटर तर परदेशी पाठवूच नये. जर्मनीतली थ्री-जी नेटवर्कं २०२१ मध्ये बंद झाली, सिंगापूरचं टू-जी २०१७ मध्येच गेलं. अँटेना धातूच्या पॅनेलच्या आत ठेवली असेल तर ती आधी बाहेर काढा, मग पुढचं बोलू.

नोंदणी झाली, तरी नेट नाही

इथे पहिली गोष्ट इतकी साधी आहे की ती बघायचं राहून जातं: राउटरमध्ये ‘डेटा रोमिंग’चा स्वतंत्र खटका असतो आणि अनेकदा तो कारखान्यातूनच बंद येतो. कंपनीकडचं रोमिंग आणि राउटरमधलं रोमिंग या दोन वेगळ्या परवानग्या आहेत.

दुसरं एपीएन, म्हणजे डेटाची वाट कुठल्या दारातून उघडायची ते सांगणारं, राउटरमध्ये भरायचं नाव. परदेशात गेल्यावर तिथल्या कंपनीचं एपीएन टाकायचं असतं असा समज पक्का आहे, आणि तो चुकीचा आहे. एपीएन सिम ज्या कंपनीचं तिचंच राहतं. काही राउटर ‘आपोआप एपीएन’च्या भरात परदेशी नेटवर्कचं नाव बघून स्वतःच ते बदलतात, म्हणून रोमिंगला जाणाऱ्या राउटरमध्ये ते हाताने टाकून पक्कं करावं. एपीएन चुकलं असेल तर डेटाच्या वाटेला बहुतेक वेळा २७ क्रमांकाचा नकार येतो. ३३ आला तर ती सेवा तुमच्या योजनेत नाही. आणि आयपीचा प्रकार ‘चार आणि सहा दोन्ही’ असा ठेवला असेल तर तो फक्त आयपीव्ही-४ करून बघा, काही भागीदार नेटवर्कांवर एवढ्यानेच वाट उघडते. उलट काही कंपन्यांचं एपीएन फक्त आयपीव्ही-६ देतं, तेव्हा आधी विचारून घ्या.

सिम फोनमध्ये घालून तपासण्याची युक्ती चांगली आहे, पण एक अट आहे. अनेक एमटूएम सिम त्या राउटरच्या आयएमईआयशी, म्हणजे त्या उपकरणाच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाशी, बांधलेली असतात. असं सिम फोनमध्ये चालणारच नाही, आणि तुम्ही सिम खराब ठरवून मोकळे व्हाल.

नेट आहे, पण काम होत नाही

रोमिंगमध्ये डेटा बहुधा तिथल्या तिथे इंटरनेटवर उतरत नाही. तो आधी भारतात, घरच्या कंपनीच्या दारापर्यंत येतो आणि तिथून पुढे जातो. नेपाळातून हे जाणवत नाही. जर्मनीतल्या यंत्राला जर्मनीतल्याच सर्व्हरशी बोलायचं असलं तरी पॅकेट मुंबईसारख्या ठिकाणी येऊन परत जातं, आणि एका फेरीला शंभराहून अधिक मिलिसेकंद सहज लागतात. यंत्राच्या सॉफ्टवेअरने उत्तराची वाट फार थोडी बघायची असं ठरवलं असेल तर जोडणी सारखी तुटत राहते. मुदत वाढवा, सिम बदलून हा वेळ भरून निघत नाही.

या लांबच्या वाटेवर पॅकेटावर आणखी एक वेष्टण चढतं, त्यामुळे पूर्ण १५०० बाइटचं पॅकेट मावेनासं होतं. खूण अशी: पिंग जातं, पण लॉगिनचं पान उघडत नाही, किंवा व्हीपीएन, म्हणजे कार्यालयापर्यंतचा खासगी बोगदा, जोडलं जातं आणि त्यातून काहीच सरकत नाही. राउटरमध्ये एमटीयू, म्हणजे पॅकेटाच्या आकाराची कमाल मर्यादा, कमी करा. मोबाइल नेटवर्कच्या मानकात सुचवलेला आकडा १३५८ आहे, व्हीपीएन असेल तर त्याच्या आतला आणखी कमी लागतो. हा दोष सर्वांत जास्त दिवस खातो, कारण वरवर सगळं चालू दिसतं.

घड्याळही बघा. नेपाळची वेळ आपल्यापुढे १५ मिनिटं आहे. राउटर नेटवर्ककडून स्थानिक वेळ घेतो आणि तापमानाच्या नोंदींत सीमेवर अचानक १५ मिनिटांची उडी दिसते. औषधांच्या ट्रकमध्ये तापमान दोन ते आठ अंशांत राहिलं हे सिद्ध करायचं असतं, तिथे अशी उडी म्हणजे तपासणाऱ्याचा पहिला प्रश्न. नोंदी जागतिक वेळेत ठेवा आणि दाखवताना स्थानिक वेळ दाखवा. शिवाय सेन्सर किंवा राउटर यांच्यापैकी कुणीतरी नोंदी स्वतःजवळ साठवत असलाच पाहिजे, नेट आल्यावर त्या पाठवता येतात. नेपाळ सीमेवर सोनौलीच्या रांगेत गाडी रात्रभर थांबू शकते, तेवढ्यासाठी सगळा माल संशयात जायला नको.

सीमेच्या अलीकडे-पलीकडे

रक्सौल, सोनौलीसारख्या ठिकाणी दोन्ही देशांचे सिग्नल एकमेकांत मिसळतात. गाडी अजून भारतात असताना राउटर नेपाळी टॉवर पकडू शकतो, आणि परत येताना परदेशी सिग्नल चांगला मिळतोय तोवर तो सोडत नाही. रोमिंगचा पॅक नसलेल्या सिमवर याचा अर्थ नकारांची माळ, पॅक असलेल्या सिमवर नसत्या बिलाचा धोका. सीमेजवळ उभ्या राहणाऱ्या पण पलीकडे न जाणाऱ्या गाड्यांच्या राउटरमध्ये डेटा रोमिंग बंदच ठेवावं, आणि प्रवाशांचं वायफाय तर रोमिंगमध्ये सरसकट बंद करावं. बसभर व्हिडिओ पाहिले जातात आणि ट्रॅकिंगपुरता घेतलेला डेटा पहिल्याच संध्याकाळी संपतो.

देशाची सीमा ओलांडली नाही तरीही हे घडतं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं. सफरचंदाच्या हंगामात तिकडे जाणाऱ्या ट्रकचं ट्रॅकिंग लखनपूरनंतर, म्हणजे जम्मू-काश्मीरच्या वेशीनंतर, थांबलं तर राउटर उघडून बसू नका.

परदेशी पाठवलेल्या यंत्राचा दोष वेगळ्या तऱ्हेचा असतो: सहा-आठ महिने सुरळीत आणि मग एके दिवशी नकार. रोमिंगचे करार येण्या-जाणाऱ्यांसाठी असतात, तिथेच मुक्काम ठोकलेलं सिम परदेशी नेटवर्कला नको असतं. ब्राझील, तुर्कस्तानसारख्या देशांत यावर कडक बंधनं आहेत. युरोपात रोमिंग फुकट झालं, हे ऐकून काही जण निर्धास्त असतात. १५ जून २०१७ पासूनची ती सवलत युरोपीय संघातल्या सिमसाठी आहे, भारतीय सिमला नाही. अशा यंत्रात पहिल्यापासून ई-सिम बसवावं, म्हणजे दूर बसून तिथल्या स्थानिक कंपनीचं प्रोफाइल त्यावर उतरवता येतं. किंवा ग्राहकाकडूनच स्थानिक सिम घ्यावं, आणि माझ्या मते एक-दोन यंत्रांसाठी तेच सर्वांत शहाणपणाचं.

कंपनीला तक्रार लिहिताना ‘नेट चालत नाही’ एवढं लिहिलं तर उत्तरही तेवढंच येतं. सिमच्या पाठीवरचा ८९ ने सुरू होणारा लांब क्रमांक, आयएमईआय, गाव, भारतीय वेळ, कुठलं नेटवर्क आणि नकाराचा क्रमांक एवढं एका संदेशात द्या. ‘आज सकाळी १०:२० ला बीरगंजमध्ये ४२९-०१ आणि ४२९-०२ या दोन्ही नेटवर्कांवर नोंदणी नाकारली, कारण ११, सिमवरची वर्ज्य यादी पुसून पुन्हा पाहिलं, तरी तेच’ असं लिहून गेलेली तक्रार खालच्या टेबलावर फिरत राहत नाही. ती रोमिंग बघणाऱ्या माणसापर्यंत जाते, आणि त्याला पडद्यावर नेमकं काय उघडून बघायचं ते कळतं.